चारशे फूट

राग गिळावा, असं आई म्हणायची. मी गिळला नाही, मुरवला. बरणीला फडकं बांधून लोणचं ठेवतात तसा वीस वर्षं ठेवला, आणि अधूनमधून फडकं सोडून तो खराब झाला नाही ना, हेही बघत राहिले. ज्या माणसासाठी एवढी उस्तवार केली तो आमच्या लखनौचाच. मी विमान चालवायला शिकत होते त्या फ्लाइंग क्लबचा तो मुख्य इन्स्ट्रक्टर होता, आणि समोरच्याची सालटी काढतानासुद्धा 'आप' म्हणायचा. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणायचे. इथे 'तो' म्हणणार आहे. एवढी चैन मला करू द्या.

पुढचं सगळं कळायला आमच्या विकास नगरच्या घरातली एक वस्तू आधी दाखवायला हवी. बाबा मूळचे साताऱ्याकडचे, वायुदलात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होते. विमानातल्या तबकड्या दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आणि वॉरंट ऑफिसर होऊन ते निवृत्त झाले. शेवटची नेमणूक इकडची, म्हणून घरही इकडेच केलं. निरोपाच्या दिवशी सेक्शनच्या पोरांनी त्यांना मोडीत निघालेल्या विमानातला एक अल्टिमीटर लाकडी पाटावर बसवून दिला. उंची दाखवणारं यंत्र. तो आमच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी असतो.

उंची दाखवतं म्हटलं तरी त्या यंत्राला उंचीतलं काही कळत नाही. कळतो फक्त हवेचा दाब. आत एक पातळ पत्र्याची पोकळ डबी असते. वर जावं तशी हवा विरळ होते, डबी फुगते आणि काटा पुढे सरकतो. पण दाब तर हवामानानेही बदलतो, आणि ते काट्याला वेगळं ओळखता येत नाही. म्हणून रात्रीत दाब उतरला की आमचं घर सकाळी पन्नाससाठ फूट वर गेलेलं असायचं. बाबा आंघोळ करून यायचे, काच पुसायचे आणि खालचा नॉब फिरवून काटा शून्यावर आणायचे. "उतरवलं घर," म्हणायचे. लहानपणी मला खरंच वाटायचं की रात्री आम्ही सगळे उडतो आणि बाबा रोज सकाळी आम्हाला सुखरूप खाली आणतात.

त्या नॉबने तबकडीवरच्या एका छोट्या खिडकीतला आकडा बदलतो. आज जमिनीवर दाब किती आहे ते यंत्राला असं सांगावं लागतं. सांगायच्या दोन रीती आहेत. बाबांच्या काळी त्यांच्या वायुदलात रीत होती ती ही, की आपल्या धावपट्टीवर काटा शून्य दाखवील असा आकडा लावायचा. जमीन म्हणजे शून्य, विषय संपला. आम्हा बाकीच्यांची रीत अशी, की टॉवर समुद्रसपाटीच्या हिशेबाने दाब सांगतो तो लावायचा. मग विमान जमिनीवर उभं असलं तरी काटा त्या जमिनीची समुद्रापासूनची उंची दाखवतो. लखनौत ती साधारण चारशे फूट. दोन्ही रीती बरोबर आहेत, फक्त एका आकाशात दोन्ही एकदम चालत नाहीत. फार वर गेलं की आणखी तिसरी गंमत असते. तिथे सगळी विमानं खालचा दाब काहीही असो, एक हजार तेरा हाच आकडा लावतात. वर सगळ्यांनी मिळून एकच खोटं बोलायचं, म्हणजे कुणी कुणावर आदळत नाही. उतरताना मात्र खरं काय ते टॉवरला विचारून घ्यायचं.

हे सगळं मला विसाव्या वर्षी पाठ होतं. क्लबची धावपट्टी चिनहटच्या पुढे, गव्हाच्या शेतांमध्ये होती. हिवाळ्यात धुकं विरेपर्यंत आम्ही शेडमध्ये चहा पीत बसायचो. माझं सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी नसताना एकटीने करायचं पहिलं उड्डाण, अगदी तोंडावर आलं होतं. आणखी एक तपासणीची फेरी झाली की तो माणूस विमानातून उतरणार आणि मी एकटी जाणार.

त्या सकाळी आम्ही बाहेरून परत क्लबकडे येत होतो. टॉवरने दाब दिला, एक हजार अठरा. मी मोठ्याने म्हणून दाखवला, खिडकीत लावला. धावपट्टीभोवती उतरणाऱ्या विमानांनी जी फेरी घालायची ती आमच्याकडे चौदाशे फुटांवर असायची. काटा बरोबर चौदाशेवर होता. मी स्वतःवर खूश होते.

"बाईं तरफ़ देखिए मोहतरमा, कोई आ तो नहीं रहा?"

मी डावीकडे बघितलं. कुणी नव्हतं. मान वळवून पुढे बघते तो त्याचा हात माझ्या बाजूच्या तबकड्यांवरून मागे जात होता. त्या हातात फिरोजाची अंगठी असायची, निळी, बोराएवढी. ती मी बघितली. हिटरचं काही केलं असेल असं मला वाटलं, कारण काट्याकडे लक्ष गेल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. काटा हजारावर होता. डोळा लवतो न लवतो तोच मी चारशे फूट घसरले होते.

"चौदह सौ चाहिए, चौदह सौ! सो गईं आप?"

मी विमानाचं नाक वर केलं, काटा चौदाशेवर नेला. म्हणजे खरं तर आम्ही अठराशेवर गेलो. बाहेरून येणारी विमानं आधी धावपट्टीच्या डोक्यावर अठराशेवरच येतात, खाली बघतात आणि मग फेरीत शिरतात. तसं एक येत होतं. समोरच्या काचेत ते एकाएकी एवढं मोठं झालं की त्याच्या चाकावरचा चिखल मला दिसला. त्याने उजवीकडे झोकून दिलं, यानेही माझ्या हातातून विमान घेतलं आणि खाली दाबलं. रेडिओवर कुणीतरी आईबहिणीवरून ओरडत होतं.

उतरलो. इंजिन बंद झालं. उभ्या विमानात काटा शून्यावर होता. चारशेवर हवा होता, शून्यावर होता, आणि खिडकीत एक हजार चार. माझ्या आधी ते त्याने बघितलं. मी शपथेवर सांगते, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला कळलं होतं. तो वायुदलातून आलेला ऑफिसर. तिथे वीसेक वर्षं परत येताना हाताने जमीन शून्य केलेली. इथल्या धावपट्टीच्या चारशे फुटांसाठी दाबातून किती वजा करायचे ते त्याच्या बोटांना पाठ होतं, चौदा. बोटं जुन्या नोकरीतली आणि तोंड नवीतलं, अशी गत. हाताने शून्य लावलं आणि तोंडाने चौदाशे मागितले.

आणि मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "देखिए, क्या लगा रखा है आपने. टॉवर ने क्या दिया था?"

"सर, आपका हाथ..."

"मेरा हाथ?" असं म्हणून त्याने दोन्ही हात उलटे करून मला दाखवले, जणू मीच काही चोरीचं शोधत होते.

ऑफिसात तीन माणसं बसली होती. मी नॉब सांगितला, अंगठी सांगितली. त्यातल्या एकाने हसू दाबलं. अंगठी म्हटल्यावर पोरीचं लक्ष कुठे होतं बघा, असं त्याला वाटलं असणार. मग घरी फोन गेला आणि बाबा विकास नगरहून स्कूटरवर आले, मफलर बांधून. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात सगळं सांगितलं. मला रडू येत होतं तरी क्रमाने सांगितलं, कारण त्यांना क्रमाने सांगितलेलं आवडतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"फरक किती फुटांचा पडला?"

"चारशे."

त्यांनी चष्मा काढला, मफलरच्या टोकाने पुसला, परत घातला. मला वाटलं, आता माझा बाप आत जाऊन टेबलावर मूठ आपटणार.

"आत चल," ते म्हणाले. "सॉरी म्हण."

"बाबा, मी काही केलं नाही."

"साहेब आहेत ते. म्हण."

मी आत गेले आणि म्हटलं, "ग़लती मेरी थी, सर." तो खुर्चीतून उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, तोच अंगठीचा. "कोई बात नहीं बेटी. हर काम हर किसी के लिए नहीं होता." मग बाबांकडे वळून, "बच्ची को कुछ और कराइए. पढ़ने-लिखने में तो तेज़ होगी." बाबा ताठ उभे होते, हात शिवणीला लावून. "जी सर," म्हणाले. आणि त्या क्लबातलं माझं शिकणं संपलं.

परत येताना स्कूटरवर मागे बसून मी बाबांच्या पाठीकडे बघत होते आणि मनात त्याचे तळपट होवो म्हणत होते. इतक्या सभ्य शहरात शिव्याही नीट देता येत नाहीत, म्हणून मराठीत दिल्या. त्या दिवशी मी ठरवलं की हा माणूस हेच तीन शब्द म्हणेल. ग़लती मेरी थी. माझ्या बापासमोर म्हणेल. बाकी जगाचं मला देणंघेणं नव्हतं. बाप मला खोटी समजतो, हे मात्र मला सहन होत नव्हतं.

लोक म्हणतात सुडाने माणूस जळतो. माझं तर त्यावर उत्तम चाललं. दुसऱ्या राज्यात शिकले, लायसन्स घेतलं, मग इन्स्ट्रक्टर झाले. अभ्यासाचा कंटाळा आला की ती निळी अंगठी आठवायची, की परत पुस्तक उघडायचे. कधी लग्नाचं कुणी काढलं तरी डोक्यात तोच असायचा, म्हणून तेही राहिलं. आई गेली तेव्हा बाबा एकटे पडले म्हणून लखनौला परतले, आणि एव्हाना एक्झामिनर झाले होते. इन्स्ट्रक्टरांनासुद्धा अधूनमधून परीक्षकाला शेजारी बसवून आपण अजून कामाचे आहोत हे दाखवावं लागतं. त्या परीक्षक आता आम्ही. एके दिवशी त्याच्या क्लबातून फोन आला. त्याचं नाव घेतलं गेलं आणि मला तोंडात चिंचेसारखं पाणी सुटलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. आधीची ओळख आहे, दुसऱ्याला पाठवा, असं सांगायची पद्धत आहे. मी म्हटलं, सकाळची पहिली वेळ द्या, आणि आम्ही दोघं उतरेपर्यंत दुसरं विमान वर सोडू नका. दुसरं विमान नको, कारण मला सूड घ्यायचा होता, अपघात नको होता. वेडी होते, मूर्ख नव्हते.

तो सत्तरीला टेकला होता. केसांना मेंदी, बुटांना तसंच पॉलिश, अंगठी तीच. क्लब सोडला तर त्याला दुसरं काही नव्हतं असं लोक सांगायचे. मुलं परदेशात, बायको नाही, शिकवणं एवढंच उरलेलं. मला बघून तो लवून म्हणाला, "तशरीफ़ लाइए. आपको कहीं देखा है मैंने?"

त्याला मी आठवतसुद्धा नव्हते! मी वीस वर्षं या माणसाला रोज उठून आठवत होते आणि त्याच्या लेखी मी कुणी नव्हतेच. त्या क्षणी काही दयामाया माझ्या मनात उरली असेल तर तीही गेली. "लखनऊ छोटा शहर है, सर," मी म्हटलं.

त्याने विमान चांगलं चालवलं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं चालवलं. मी त्याला वर नेलं, एक हजार तेरा लावायला लावलं, त्याने लावलं. मग खाली यायला सांगितलं. क्लबजवळ टॉवरने दाब दिला. योगायोग बघा, हिवाळा तोच आणि आकडाही तोच, एक हजार अठरा. त्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला, खिडकीत अठरा आणला, काटा चौदाशेवर स्थिर केला. माझा जीव वरखाली होत होता. हा शिकला की काय? इतक्या वर्षांत कुणी याला सुधारलं की काय? मी मुद्दाम बाहेर बघितलं, डावीकडे नाही, उजवीकडे. परीक्षक उजवीकडे बसतो.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्याचा हात मांडीवरून आपण होऊन वर गेल्यासारखा गेला, नॉबला लागला, दोन बोटांनी अलगद फिरवला आणि परत मांडीवर आला. त्याने स्वतः त्या हाताकडे बघितलंही नाही. काटा हजारावर आला. तो पुटपुटला, "अरे, नीचे आ गए," आणि विमान वर घेतलं, चौदाशेवर.

मी गप्प राहिले. आकाश मोकळं होतं, उंच असल्याने धोका नव्हता. मी दोन्ही हात गुडघ्यावरच्या लिहायच्या पाटीवर ठेवून बसले होते आणि मला आतून गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"सर, आपकी ऊँचाई?"

"चौदह सौ, मोहतरमा."

उतरलो, शेडसमोर थांबलो. इंजिन बंद झाल्यावर फक्त थंड होणाऱ्या पत्र्याचा टिकटिक आवाज येत होता. काटा शून्यावर होता. मी बोट दाखवलं. त्याने बघितलं, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, अगदी हळू, अगदी सभ्यपणे, "आपने तो नहीं छुआ?"

परत तेच. माझ्याच तोंडावर. एखाद्या माणसाला एकच खोटं येतं आणि ते तो जन्मभर वापरतो.

मी दोन्ही हात उलटे करून त्याला दाखवले. "मेरे हाथ में फ़िरोज़ा नहीं है, सर."

तो बघत राहिला. हात, मग चेहरा. एकदम त्याचा खालचा ओठ हलला आणि मला कळलं की आता आठवलं. स्कूटरवरून आलेला मफलरवाला बाप, डोक्यावर ठेवलेला हात, सगळं.

"आप वो मराठी बच्ची..."

"फेल," मी म्हटलं. "अल्टिमीटरचा आकडा चुकीचा, फेरी चारशे फूट वर. पुढची परीक्षाही मीच घेणार. त्याआधी रविवारी घरी चहाला या. बाबा अजून आहेत." हिंदीतच म्हटलं, पण तेव्हा कोणत्याही भाषेत म्हटलं असतं तरी त्याला कळलं असतं.

"शर्त है?"

"चाय है, सर."

धमकीच होती ती. मी नाकारत नाही, आणि मला तिची लाजही वाटत नाही.

रविवारी तो आला. पांढराशुभ्र कुर्ता, वर जाकीट, हातात रेवड्यांचा डबा. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की क्लबचे सर येणार आहेत. त्यांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. गुडघे धरलेला माणूस तो, पण सर दारात दिसताच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठून उभे राहिले. हात शिवणीला. मला ते बघवेना. मी चहा ठेवला आणि म्हटलं, "सर को आपसे कुछ कहना है, बाबा."

त्याने कप खाली ठेवला. मी कल्पनेत हे इतक्यांदा ऐकलं होतं की प्रत्यक्ष ऐकताना आवाज लहान वाटला.

"वॉरंट साहब, उस दिन नॉब मैंने घुमाई थी। आपकी बेटी ने नहीं। ग़लती मेरी थी।"

माझे डोळे भरून आले. मी बाबांकडे बघितलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर बघायचं होतं, वीस वर्षांनी एका बापाला आपली मुलगी खरी होती हे कळताना काय होतं ते.

काहीच झालं नाही. बाबांनी मान हलवली, एखाद्याने आज हवा गार आहे म्हटल्यावर हलवतात तशी.

"मालूम था, सर."

मला आधी वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलतायत. "काय माहीत होतं, बाबा?"

ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तू चारशे म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. नवशिकं पोर चुकलं तर कितीही चुकेल. शंभर चुकेल, हजार चुकेल. पण बरोब्बर जमिनीएवढं नाही चुकणार. काटा शून्यावर आणणारा हात आपल्यातल्याच कुणाचा तरी."

"मग मला माफी का मागायला लावलीत?"

"अगं, ऑफिसरला खोटं कोण म्हणणार? मी?" त्यांना खरंच कळत नव्हतं मी काय विचारते आहे. "सर्व्हिसमध्ये असं नसतं, बाळ."

आमचं मराठी त्याला कळलं नसेल, पण सूर कळला असेल. तो अवघडून इकडेतिकडे बघायला लागला आणि त्याची नजर शोकेसवर गेली. गणपती, आणि शेजारी अल्टिमीटर. काटा शून्यावर, सकाळीच आणलेला.

"अरे वाह, वॉरंट साहब। सिफ़र पर रखते हैं?"

"आदत है, सर," बाबा म्हणाले, आणि दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. मनापासून हसले. एका गावची माणसं परमुलखात भेटल्यावर हसतात तसे, माझ्या दिवाणखान्यात, माझ्या चहावर. मी तिथून उठून स्वयंपाकघरात गेले आणि रेवड्यांचा डबा उघडला नाही.

महिनाभराने मी त्याची परीक्षा परत घेतली. परत येताना त्याचा हात वर गेला, नॉबपाशी थबकला आणि खाली आला. काटा शेवटपर्यंत खरा होता. मी त्याला पास केलं. विमानातून उतरताना तो म्हणाला, "अब तो माफ़ कर दिया?" मी म्हटलं, "आपको? हाँ, सर." ते खोटं नव्हतं. त्याच्यावरचा राग संपला होता. इतकी वर्षं मुरवलेली बरणी मी भलत्याच माणसासाठी भरली होती. तो परका होता आणि घाबरला होता. घाबरलेली परकी माणसं खोटं बोलतात. पण व्हरांड्यात चष्मा पुसताना ज्याला सगळं कळलं आणि ज्याने तरीही मला आत नेलं, तो माझ्या घरात राहतो, आणि त्याच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी तेल मीच लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या आधी मी शोकेस उघडली. फोनवर लखनौचा दाब बघितला, खिडकीत लावला. काटा चारशेच्या थोडा पुढे जाऊन थांबला. बाबा आंघोळ करून आले, बघितलं आणि नॉब फिरवून शून्यावर आणला. मी त्यांच्यादेखत परत चारशेवर नेला.

"घरात कशाला ते?" ते म्हणाले.

"कारण हे घर चारशे फुटांवर आहे, बाबा. शून्यावर कधीच नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

असं काही दिवस चाललं. ते शून्यावर, मी चारशेवर. शेवटी एकदा मी त्यांना म्हटलं, "एकदा म्हणा. हिंदीत म्हणा, मी म्हटलं होतं तसं. मग लावा तुमचं शून्य." ते माझ्याकडे वळले. ओठ हलले, पण ते तीन शब्द काही आले नाहीत. ऑफिसरला आले, माझ्या बापाला आले नाहीत.

आता अल्टिमीटर मी लावते, रोज. बाबा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या मागे उभे राहतात आणि बघतात. काच पुसून झाली की कधीकधी त्यांचा हात सवयीने वर येतो, नॉबच्या दिशेने. मी वळूनही बघत नाही. "हात खाली," म्हणते, आणि तो खाली जातो.